दिवाळी अंकांची आगबोट

चहा घ्या आधी. किस्सा ऐकून तुम्ही माझी बाजू घेणार नाही, हे मला माहीत आहे. आजवर कुणीच घेतलेली नाही.

ज्या माणसाने जन्मात समुद्र पाहिला नाही, त्याने आगबोटीच्या भानगडीत पडू नये. हे मी आता म्हणते. तेव्हा मी नुकतीच इतिहासात एम.ए. झाले होते आणि जग सुधारायचं, सुरुवात धारपासून करायची, असं माझं ठरलं होतं.

तर धारचं आमचं वाचनालय आणि देवासचं मराठी मंडळ यांचं चाळीस वर्षं जमत नव्हतं. कारण? नाटकाचा पडदा. देवासकरांनी कधीकाळी आमचा पडदा नेला. परत आला तेव्हा त्यावरच्या राजवाड्याला चहाचा डाग होता. डाग कुणाचा, या वादात दोन्हीकडची एक पिढी वारली.

त्यामुळे दोन्ही गावांत दर दिवाळीला तेच ते दहा अंक यायचे. वेगवेगळे मागवून अदलाबदल केली तर वीस वाचायला मिळतील, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. पण सांगणार कोण?

मी सांगितलं. इंदूरला, तटस्थ भूमीवर, दोन्हीकडची बावीस माणसं एका दिवाणखान्यात जमवली आणि पाऊण तास भाषण केलं. विषय आगबोट.

"ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या वसाहती बघा!" मी म्हणाले. "प्रत्येकीचं सरकार वेगळं, जकात वेगळी. एकीच्या रुळावरची गाडी दुसरीच्या रुळावर चालत नव्हती! बोट आधी कुणाच्या बंदराला लागणार, यावर भांडणं. पण विलायतेचं टपाल आणायला आगबोट हवी, आणि ती एकट्याला झेपत नाही म्हटल्यावर ही सरकारं एकत्र बसली. करार केला. किती दिवसांत टपाल पोचलं पाहिजे, उशीर झाला तर दंड काय, सगळं लिहून! आणि आपण? आपल्याला एक पेटी नेता येत नाही?"

आमचे आबासाहेब, वाचनालयाचे अध्यक्ष, जुन्या दरबारी घराण्यातले, हळूच म्हणाले, "शुभा, साहेबाचं एवढं कौतुक तुझ्या तोंडून प्रथमच ऐकलं."

"कौतुक नाही, आबासाहेब. शिस्त घ्यायची. साहेब तिथेच ठेवायचा."

देवासचे चिटणीस पाठककाका कारखान्यात फिटर होते. त्यांनी विचारलं, "ताई, वो सब ठीक आहे. पण एक पेटी बसमध्ये ठेवायला करार कशाला?"

"कारण पडद्याच्या वेळी करार नव्हता."

यावर दोन्हीकडच्या माना डोलल्या. मला वाटलं, जिंकले.

करार मीच लिहिला. कलम चार : दोन्ही गावांच्या पेट्या एकाच दिवशी सकाळी सहाला निघतील. कलम पाच : पेटी त्या त्या गावच्या अधिकृत प्रतिनिधीने स्वतः न्यावी. कलम सात : पेटी समोरच्या गावच्या अधिकृत प्रतिनिधीच्याच हातात द्यावी, तोवर लाखेचं सील तोडू नये. कलम नऊ : ज्याच्यामुळे उशीर होईल त्याने भर सभेत उभं राहून कारण सांगावं. कलम दहा : पेटीच्या कारभाराला हरकत फक्त अधिकृत प्रतिनिधीनेच घ्यावी. प्रतिनिधी : धारतर्फे मी, देवासतर्फे पाठककाका.

यात काही चुकतंय का? बघा, तुम्हाला लगेच कळलं! तिथे बावीस जणांनी सह्या केल्या.

दिवस मी भाऊबीजेचा ठरवला. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून. मला भाऊ नाही. त्या दिवशी निम्मे भाऊ बहिणीकडे परगावी गेलेले असतात, हे माझ्या डोक्यात यावं कुठून? पाठककाका मात्र खुशीत म्हणाले, "भाऊबीज? एकदम बढिया!" मला वाटलं, कराराचा परिणाम.

आता नलूमावशी. देवासच्या. वय सहासष्ट. मंडळाचं पुस्तकांचं कपाट त्यांच्याच ओसरीवर असायचं. त्या वर्षी त्यांची कथा, आयुष्यातली पहिली, एका दिवाळी अंकात छापून आली होती. लेखिकेची प्रत अजून हातात पडली नव्हती. अंक होता आमच्या धारच्या पेटीत.

कथा त्यांच्या भावावर होती. बापू, धरमपुरीच्या देवळाचे पुजारी. शाळा हिंदी, म्हणून बापूंनी धाकट्या बहिणीला नर्मदेच्या वाळूत बोटाने मराठी अक्षरं शिकवली होती. भाऊबीजेला ते यायचे आणि संध्याकाळी पाचच्या बसने परत जायचे. मावशींनी मला पोस्टकार्ड टाकलं : "पेटी त्या दिवशी नक्की येते आहे ना? बापूला छापलेलं दाखवायचं आहे. बाकी काही नको."

मी सकाळी सहाला निघाले. इंदूरला बस बदलली. पावणेदहाला पेटीसकट देवासला, मावशींच्या ओसरीवर. दारात रांगोळी, पाटावर बापू.

"बापू, आली बघ!" मावशींनी पेटीवर हात ठेवला. "उघड गं."

"पाठककाका कुठे आहेत?"

"तो धारला गेला की. त्याची बहीण तिथेच असते. सकाळीच निघाला, तुमच्यासाठी पेटी घेऊन."

मी करार काढून वाचला. मग पुन्हा वाचला. कलम पाच आणि कलम सात पहिल्यांदाच शेजारी शेजारी दिसले.

पाठककाकू धावत आल्या. "मी घेते ना सही करून!"

"काकू, करारात काकांचं नाव आहे."

बापू म्हणाले, "पोरी, लाखच आहे ना ती? चाकू देऊ?"

"बापू, एका कथेसाठी सील तोडलं तर उद्या करार कोण पाळेल?"

हो, असं म्हणाले मी. सत्तरीच्या माणसाला. भाऊबीजेच्या दिवशी.

कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून आबासाहेबांना फोन लावला.

"पाठक येऊन गेला," आबासाहेब म्हणाले. "मी म्हटलं, ठेवा पेटी. तर म्हणाला, करारात तुमचं नाव नाही. आता बहिणीकडे गेलाय."

"त्यांना तिथेच थांबवा! मी निघाले."

मावशी दारात आल्या. "अगं, पेटी तरी ठेव."

"कलम सात, मावशी."

आणि मी तो अंक त्यांच्या ओसरीवरून उचलला आणि परत धारला नेला. इथे तुम्ही चहाचा घोट घ्या. मी थांबते.

अडीचला धार. आबासाहेब वाचनालयाच्या पायरीवर बसलेले.

"पाठककाका?"

"गेला."

"कुठे?"

"देवासला. तू तिथे खोळंबली असशील, आणि उशिराचं कारण त्याला भर सभेत सांगावं लागेल, या धास्तीने. मी निरोप घेऊन गेलो तेव्हा त्याची बहीण रडत होती. ओवाळून झालं आणि भाऊ शिरा हातात घेऊन पळाला म्हणाली."

"घरी एक फोन करायचा ना त्यांनी!"

"मीही बहिणीला तेच म्हटलं. तर म्हणे तो म्हणाला, घरीच चाललोय, फोन कशाला?"

म्हणजे दुसऱ्यांदा आमच्या बसगाड्या इंदूरच्या आसपास कुठेतरी एकमेकींसमोरून गेल्या होत्या. भर समुद्रात दोन आगबोटी भेटल्या की भोंगा वाजवत असतील. आमच्या बसनेही वाजवला असेल. ती म्हशींनाही वाजवते.

आबासाहेबांनी मला आत नेलं, देवासचा नंबर फिरवला आणि शांतपणे फोन माझ्यापुढे सरकवला. पलीकडे पाठककाका होते.

"काका, आता हलू नका!"

"ताई, मी खाटेवर पडलोय. तुम्ही हलवलं तरी हलणार नाही."

मी पुन्हा बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बेटी, पेटी में क्या है?" मी म्हटलं, "टपाल." एरवी मी त्यांना वसाहतींची सगळी हकीकत सांगितली असती. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसले.

सव्वासहाला देवास. पाचची बस केव्हाच गेली होती. मान खाली घालून ओसरीवर चढले, तर बापू पाटावरच!

"तुम्ही गेला नाहीत?"

"बस सोडली एक," ते म्हणाले. "देवळाची किल्ली शेजाऱ्याकडे आहे. देव सकाळी थोडा उशिरा उठेल."

पाठककाका लुंगीवरच आले, पेचकसाने एका झटक्यात सील उडवलं, सही केली आणि परत आणलेली त्यांची पेटी माझ्या हवाली केली. मी अंक काढून मावशींच्या हातात दिला. "मावशी, वाचून दाखवा ना आता."

"झाली की वाचून."

"कशी?"

"मी लिहिलीय ना बाई ती! दुपारी पाठ म्हणून दाखवली. त्याने दोनदा ऐकली."

म्हणजे माझ्या आगबोटीवाचून कुणाचं काही अडलंच नव्हतं.

बापूंनी मात्र अंक मागून घेतला. चष्मा पुसला, पान काढलं, आणि नलिनी काळे या नावावरून बोट फिरवलं, सावकाश, वाळूत फिरवावं तसं. म्हणाले, "नलू, 'ळ' झकास काढलाय गं त्यांनी. तुला कधी जमायचा नाही."

मावशी आत पाणी आणायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात दोन्ही मंडळांची संयुक्त सभा भरली. विषय एकच, कलम नऊ. मी उभी राहिले आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. देवासकर आणि धारकर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते. पडद्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग ठराव आला. मांडला आबासाहेबांनी, अनुमोदन पाठककाकांचं. पेटीची अदलाबदल कायम चालू राहावी. पेटी कंडक्टर, दूधवाले, वरातीला जाणारे किंवा कुणाही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्यावी. फक्त कु. शुभा यांच्या हाती देऊ नये.

चाळीस वर्षांत दोन्ही गावांचं एकमत झालेला हा पहिला ठराव.

"कुणाचा विरोध?" आबासाहेबांनी विचारलं.

मी हात वर केला.

पाठककाकांनी माझ्याच अक्षरातला करार उघडला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, कलम दहा. हात खाली घ्या. आता तुम्ही अधिकृत प्रतिनिधी नाही."