वाघाटीची तीन पिल्लं

आमच्या गावात बिबट्या दिसायला बिबट्या असावाच लागतो असं नाही. उसातनं पिवळं कुत्रं पळालं तरी माणसं बोंब ठोकतात, आणि तासाभरात ती बातमी शिरोळभर फिरून आमच्याच फोनवर परत येते. सोबत कुठल्या तरी भलत्याच जंगलातला फोटो. मला या सगळ्याची भयंकर चीड आहे. आणि यात सगळ्यात पुढं कोण, तर माझा दीर. बांधावरून आमचं कित्येक वर्षं वाकडं. नवरा गेल्यापासून शेत आणि दोन म्हशी मी एकटी बघते, तेही त्याच्या डोळ्यांत खुपतं.

त्या वर्षी माझ्या उसाला तोड आली. फड निम्मा तुटला आणि पाचटात तीन पिल्लं सापडली. मूठभर जीव, अंगावर तांबूस ठिपके, डोळे नुकतेच उघडलेले. तोडणारी बाई ओरडली, कोयते थांबले. दीर धावत आला, पिल्लं घमेल्यात घातली आणि लगेच फोन काढला.

"बिबट्याची हायत! आई उसातच बसलीया. ऱ्हायलेला फड पेटवा!"

"डोळं फुटलं काय भावजी?" मी म्हटलं. "वाघाटी हाय ती. उसाला पाणी पाजताना दोनदा बघितलीया मी. घरच्या मांजरापेक्षा बारकी हाय."

"तुमास्नी काय कळतंय वयनी? ठिपकं दिसत न्हाईत व्हय?"

बघता बघता निम्मं गाव गोळा झालं. घमेलं या हातातनं त्या हातात, प्रत्येकाला फोटो पाहिजे. मी वनखात्याला फोन लावला. तिथल्या माणसानं फोटो मागवला आणि सांगितलं, वाघाटीच आहे, फार दुर्मीळ रानमांजर. पिल्लं होती तिथंच ठेवा, माणसं हटवा, अंधार पडला की आई येऊन नेईल. बाकी काही करू नका.

हे मी ओरडून सांगितलं तर एक शहाणा म्हणतो, "हापिसात बसून त्येला काय दिसतंय?" माझं डोकंच फिरलं. उरलेला ऊस आज तुटणार नाही असं मुकादमाला सांगितलं आणि खुरपं घेऊन घमेल्यापाशी उभी राहिले. "आता हात लावंल त्याची बोटं छाटीन," म्हटलं. तरी कोणी हलेना. शेवटी म्हशींच्या धारेची वेळ झाली तेव्हा पांगले. बिबट्या राहू दे, पण डेअरीची वेळ चुकवतील होय!

पिल्लं मी जागच्या जागी नेऊन ठेवली. ओरडून ओरडून त्यांचे आवाज बसले होते. आमच्यात पोर रडलं की दूध, माणूस आजारी पडलं की दूध, पैलवान घडवायचा तरी म्हशीच्या कासेखालचं धारोष्ण दूधच. मी घरी जाऊन धार काढली, कोमट फेसाळ दूध वाटीत घेऊन परत फडात आले आणि कापसाच्या बोळ्यानं तिघांच्या तोंडात पिळलं. घटाघटा प्याली. खोटं कशाला सांगू, घरी येताना मला माझंच कौतुक वाटत होतं.

सकाळी गेले तर दोन पिल्लं गार पडलेली. पोटं टम्म फुगलेली, नाकातोंडावर दूध वाळलेलं. तिसरं नव्हतं. ओल्या मातीत बारकी पावलं उमटली होती. आई आली होती आणि जे जिवंत होतं तेवढं घेऊन गेली होती.

वनखात्याचा तो माणूस आला, मागोमाग गाव आलं. त्यानं पिल्लाचं पोट दाबून बघितलं.

"यांना म्हशीचं दूध कुणी पाजलं? नाहीतर तिन्ही नेली असती तिनं."

दीर समोरच उभा होता. काल घमेलं त्याच्याच हातात सगळ्यांनी बघितलं होतं. मी त्याच्याकडं बोट केलं.

"ह्यानं," म्हटलं.

माणसं त्याच्यावर तुटून पडली. काल फोटो काढणारीच सगळी. "म्या न्हाय पाजलं, वयनी, देवाशप्पत न्हाय!" तो माझ्याकडं बघून म्हणत राहिला, अगदी रडकुंडीला आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासमोर खरं बोलत होता, आणि मी त्याला खोटं पाडलं.