दाजींचं माळवद

आमच्या दाजींनी एकदा दुरुस्त केलेली वस्तू जगातला कुठलाही कारागीर पुन्हा दुरुस्त करू शकत नसे. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं समजू नका. त्यांच्या तोंडावर मी हे कितीदा तरी बोललोय, आणि दरवेळी ते खूश होऊन म्हणायचे, "म्हणजे काम पक्कं झालं म्हणा की, मेव्हणं!" आता अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं? दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे मालक. हळ्ळीखेडला राहायचे आणि गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जनावराला तपासायचं ते डॉक्टरांनी. जखम धुणं, मलम भरणं, पट्टी बांधणं हे दाजींचं काम. त्यात त्यांचा हात इतका हलका, की लाथा झाडणारी म्हैस त्यांच्यापुढं गरीब गाय होऊन उभी राहायची. तेवढ्यावर भागलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण बैलाचा मोडलेला पाय ज्या रीतीनं बांधतात त्याच रीतीनं खुर्चीचा पायही बांधता येतो, असा शोध त्यांना कधीतरी लागला, आणि तिथून माझ्या बहिणीच्या संसाराची वाट लागली.

अक्काच्या घरी नवा माणूस आला की हे घर आहे की दवाखाना, असा त्याला प्रश्न पडायचा. खुर्चीच्या पायाला बांबूच्या कामट्या लावून पट्टी. छत्रीच्या दांड्याला पट्टी. सुपाला पट्टी, कंदिलाच्या कडीला पट्टी. गळक्या घागरीला तर त्यांनी डांबरात बुडवलेली पट्टी अशी आवळली, की घागर गळायची थांबली, पण पाण्याला सडकेचा वास यायला लागला. अक्का म्हणाली, "अवो, ह्ये पाणी पिऊन माझ्या पोटात सडक व्हायलीय." दाजींनी घागर उजेडात धरली, बोटानं हळूच दाबून बघितली आणि म्हणाले, "खपली धरायलीय. हात लावू नको." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठलीही दुरुस्ती फसली की ती फसलेली नसायची, खपली धरत असायची. पावसाळ्यात दार फुगलं म्हणून ते रंधा घेऊन दार ताशीत बसले, ते इतकं ताशीत बसले, की उन्हाळ्यात दार लावलं तरी कुत्रं बाजूनं आत येऊन भाकरी घेऊन जायचं. त्यावर म्हणाले, "वारा कसा खेळायलाय बग घरात."

आणि ती न्हाणी! शहाबादी फरशी आणून दाजींनी न्हाणी स्वतः बसवली. न्हाणीचा उतार बाहेर काढायचा असतो एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींनी तो काढला चुलीकडं. मला बिचाऱ्याला काय ठाऊक? मी आपला रविवारचा गेलो, अंघोळीला बसलो, डोक्यावर पहिला तांब्या ओतला, आणि आतून अक्का ओरडली, "आरं बास कर, चूल विझायलीय!" त्यानंतर त्या घरात अंघोळ करायची तर आधी स्वयंपाक उरकला का ते विचारायचं, अशी रीतच पडून गेली. मी म्हटलं, दाजी, फरशी उखडून पुन्हा बसवा. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी चुलीच्या पुढं मातीचा बांध घातला. मग पाणी बांधाला अडून घरभर पसरायला लागलं, आणि अक्का पाटावर उभी राहून भाकऱ्या थापायला लागली. भांडली का? भांडली की. पण भांडून झालं की त्यांनाच पहिली भाकरी वाढायची. माझी बहीण असली म्हणून काय झालं, तीही काही कमी तऱ्हेवाईक नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सुतार-गवंडी का बोलवत नव्हते? इथं हसणं जरा बाजूला ठेवावं लागतं. आम्ही बौद्ध. दाजींच्या वडलांनी, म्हणजे अप्पांनी, धम्म घेतला आणि त्याच उमेदीत वस्तीत दोन खोल्यांचं माळवदाचं घर काढलं. गवंड्याला सांगावा धाडला. गवंडी आला, पण वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली उभा राहिला आणि तिथूनच हातवारे करून सांगायला लागला, तुळई अशी टाका, भिंत तशी घ्या. घरापर्यंत काही यायला तयार होईना. अप्पांनी त्याला हात जोडले, वाटेला लावलं आणि घर जसं जमलं तसं स्वतःच उभं केलं. दाजी तेव्हा जाणते होते, दगडमाती त्यांनीही वाहिली. त्या दिवसापासून त्या घराचा एकच कायदा झाला. ह्या घराला ज्यानं हात लावायचा त्यानं आधी ह्या घरचं पाणी प्यायचं. मग तो कितीही मोठा कारागीर असो.

कायदा काही अवघड नव्हता हो. पण तेवढाच पाळला जात नव्हता. एकदा मी माझ्या ओळखीचा गवंडी घेऊन गेलो. वैशाखाचं ऊन, गवंड्याचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. अक्कानं तांब्या पुढं केला. तो तांब्याकडं न बघताच म्हणाला, "तहान न्हाई." दाजी शांतपणे म्हणाले, "न्हाई ना? मग आमचं बी काही काम न्हाई बगा." गवंडी निघाला. दाजी त्याच्या मागं मागं सडकेवरच्या हॉटेलापर्यंत गेले, लांबूनच त्याला गिलासावर गिलास पाणी पिताना बघितलं आणि परत आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. तर ओट्यावर बसून नुसतं म्हणाले, "मेव्हणं, तहान होती त्याला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दाजींचा आवाज मात्र चढला नाही. त्यांनी खाली पडलेला दोऱ्याचा गुंडा उचलला आणि मोडक्या पाळण्याची दोरी बांधीत बसले.

तर असं सगळं असताना त्या घराच्या डोक्यावर ते माळवद होतं. लाकडी तुळया, त्यांवर किलच म्हणजे बारक्या फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या आधी वर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. जाणता माणूस आधी जुनी माती खरवडून काढतो आणि मग नवी टाकतो. दाजी काढत नव्हते. फक्त टाकत होते. कारण विचारलं तर म्हणायचे, "जुनी बसलेली माती म्हंजे खपली. खपली काढली की रगत येतंय." माणसाच्या अंगात एक धंदा मुरला की तो कुठं कुठं निघेल सांगता येत नाही. पाट्यांवर म्हैसूर राज्य जाऊन कर्नाटक आलं, वस्तीत वीज आली, दाजींची लेक नांदायला संतपूरला गेली, आणि माळवदावर थरावर थर चढतच राहिले. मधली तुळई भरल्या झोळीसारखी खाली आली. अप्पांनी ती मुळातच बारीक टाकलेली. तिला तडा गेला, तेव्हा दाजींनी काय करावं? शिडी लावून वर चढले, तड्याभोवती कामट्या लावल्या आणि पट्टी बांधली! मी ते बघून हसायला लागलो आणि मधेच हसू थांबलं. बरोबर त्या पट्टीच्या खाली अक्काची बाज होती.

जेवताना ताटात माती पडायची. दाजी ती फुंकून बाजूला सारायचे आणि घास घ्यायचे. अक्का मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "ह्यांचा हट्ट बरोबर हाय रं. त्यांनी तो सोडावा असं मला न्हाई वाटत. पण त्या वरच्या मातीखाली मी रोज निजायलेय. एक माणूस बग बाबा असा, जो पाणी बी पिईल आणि माळवद बी उतरवील." एवढं मोठं जग, त्यात एक माणूस हुडकायचा होता. मी हुडकायला लागलो. कुणी हो म्हणायचा आणि वस्तीचं नाव ऐकलं की त्याला दुसरं काम आठवायचं. कुणी म्हणायचा, काम करतो, पण पाणी माझं मी आणतो. मी ते दाजींना सांगायलासुद्धा गेलो नाही.

शेवटी बसवकल्याणला, जिथं मी नोकरीला होतो, एक म्हातारा मिस्त्री भेटला. घरात कानडी बोलायचा, आमच्याशी मराठी. मी आधीच सांगून टाकलं, "मिस्त्री, तिथं आधी पाणी प्यावं लागंल." तो माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तसं बघायला लागला. "पाणी कोण नको म्हणतंय वो? उन्हाचं यायचं म्हंजे पाणी लागतंयच की." मला त्याच्या गळ्यातच पडावं वाटलं.

मिस्त्री आला. ओट्यावर टेकला. अक्कानं तांब्या दिला. मिस्त्रीनं तांब्याला तोंड लावून, वरून ओतून नव्हे, सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि तांब्या परत करीत म्हणाला, "अक्का, अजून घाला." मी दाजींकडं बघितलं. हसायलेत की रडायलेत काही कळेना. मग काय विचारता! दाजींनी त्या म्हाताऱ्याला हाताला धरून सगळं घर दाखवलं, एकेक पट्टी दाखवली, न्हाणीसुद्धा दाखवली. तुळईखाली येऊन मिस्त्री थांबला. वरच्या पट्टीकडं बोट केलं.

"ह्ये कुणी बांधलं?"

"मी," दाजी म्हणाले.

"बांधलंय झकास. बैल असता तर बरा झाला असता, अण्णा. पण ह्ये लाकूड हाय."

दाजी इतके मनापासून हसले, की त्यांना ठसका लागला. त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवलेली त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मान्य केली असतील. मिस्त्रीनं मग नीट समजावून सांगितलं. वर माती लई झालीय. ती चारी बाजूंनी सारखी उतरवावी लागेल, आधी खालून टेकू देऊन. "बाजार झाला की माणसं घेऊन येतो. तवर ह्या खोलीत निजू नका. आणि वर कुणी पाय ठेवायचा न्हाई." दाजी म्हणाले, "व्हय, व्हय, तुम्ही म्हणाल तसं." अक्कानं त्याच दिवशी बाज दुसऱ्या खोलीत नेली. मी बसवकल्याणला परत आलो आणि कित्येक दिवसांनी निर्धास्त झोपलो.

बाजाराच्या दिवशी सकाळी दाजी फावडं-पाटी घेऊन वर चढले. अक्का अंगणात भांडी घासत होती. "अवो, कामून चढलाव वर? मिस्त्री काय म्हणला?" ती ओरडली. वरून दाजी म्हणाले, "जराशीच काढून ठेवतो. म्हातारा माणूस हाय, त्याला कशाला एवढं वझं?" मग त्यांनी कडेकडेची माती खरवडली. खाली टाकावी तर शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी खराब होतील, म्हणून ती सगळी ओढून मधे रचली. पाटीनं सावकाश खाली देऊ, असं त्यांच्या मनात असणार. भिंतीवरचा भार काढून त्यांनी तो त्या तडकलेल्या तुळईवर ठेवला. अक्का सांगते, आवाज काही मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला आणि दारातून धूळ बाहेर आली.

मी पोचलो तोवर वस्तीतल्या माणसांनी हातांनी माती उकरून दाजींना बाहेर काढलं होतं. दवाखान्याचे डॉक्टर येऊन उभे होते. गुरांचे असले तरी नाडी बघायला पुरे होते. ती लागत नव्हती. अंगावर कुठं मोठी जखमही नव्हती, नुसती पांढरी माती होती, भुवयांत, कानात, मिशीत. अक्का पदरानं ती पुसत होती आणि ती पुसली जात नव्हती.

मिस्त्रीला कळवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्याच दिवशी बाजार झाल्यावर, कबूल केल्याप्रमाणं, तो माणसं आणि टेकूची लाकडं घेऊन आला. उघड्या पडलेल्या भिंती बघून जागीच बसला. माणसं कुजबुजत होती, हट्टापायी गेला, स्वतःच्या हातानं गेला. मिस्त्री उठून अक्कापुढं आला. तो रागानंच बोलला.

"मी वर चढू नका म्हणून सांगितलं होतं की न्हाई, अक्का? मग कामून चढले ते?"

 अक्कानं मान वर केली.

"तुम्ही येणार म्हणून," ती म्हणाली. "घरी पाव्हणा येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो की न्हाई, मिस्त्री? तसं आवरायलते."

मिस्त्री तोंडाला धोतराचा सोगा लावून वळला. मलाही दाजींवर खूप ओरडायचं होतं. येताना सबंध वाटभर मी काय काय बोलायचं ते मनात जुळवीत आलो होतो. ते सगळं बोलायचं अजून राहूनच गेलंय.