सात वर्षं टिकणारा रंग

लोंबते हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण सगळी हयात उंच इमारतींच्या बाहेर, दोरांना टांगलेल्या फळीवर बसून भिंती रंगवण्यात गेलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं, आणि ते बिल आणून देणारासुद्धा खालून "ओ लोंबतेकाका!" अशीच आरोळी ठोकायचा.

समुद्रकाठच्या त्या शहरात पाऊस पाहुण्यासारखा येत नसे. तो भाडेकरूसारखा येई आणि चार महिने जागा सोडत नसे. तेवढे महिने काकांचे दोर पलंगाखाली आणि काका पलंगावर. त्यांच्या एका खोलीत पाऊस स्वतः येत नसे, पण आपला सगळा कुटुंबकबिला पाठवून देई. मिठाचं पाणी व्हायचं. काड्या घासून घासून काड्यापेटी गुळगुळीत व्हायची, पण पेटायचं नाव नाही. चपलांवर हिरवी मखमल उगवायची, आणि दार फुगून असं बसायचं की दूध आणायला जायचं तरी आधी खांद्यानं धडक मारावी लागे. बायको होती तोवर या सगळ्याची गंमत वाटायची. शेगडीवर पातेलं उपडं घालून ती त्यावर काकांची बनियन शेकायची आणि "घ्या, गरमागरम आहे तोवर घ्या," म्हणत वाढायची. ती गेली आणि बनियन दोरीवरच राहू लागली, धड ओली नाही आणि धड वाळलेलीही नाही. काकांचंही साधारण तसंच झालं होतं.

ती गेली त्या पावसाळ्यात डोंगरापलीकडून थोरल्या भावाचा फोन आला. "अरे, तिथं काय कुजत बसलायस? इकडे ये. इकडे नुसतं भुरभुरतं." काका गेले. दोन दिवस बसून जेवले, तिसऱ्या दिवशी घास घशाखाली उतरेना. फुकटचं खायची सवय नव्हती ना! उठले आणि कोणी न सांगता वहिनींचं स्वयंपाकघर रंगवून काढलं. वहिनी अशा हरखल्या की शेजारणींना भिंती दाखवायला बोलावलं. बातमी काकांच्या थोरल्या बहिणीला लागली. पुढच्या वर्षी ताईनं बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षी लेकीनं. तिन्ही घरं डोंगरापलीकडची, तिन्ही कोरडी. हळूहळू असं बसूनच गेलं की ज्या घराच्या भिंतीला पोपडे येतील त्या घरातून फोन यायचा, आणि काका ब्रश बांधून निघायचे. "मला यायचंय," असं तोंडानं म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.

जायच्या आधी खालच्या चहावाल्यासमोर मात्र मोठा दरबार भरे.

"काय लोंबते, यंदा कुठली राजधानी?" चहावाला विचारायचा.

"बघतोय. भावाकडे हवा चांगली, पण ताई रुसून बसेल."

"तुमचं बरं आहे बुवा. आम्हाला सासरेसुद्धा बोलवत नाहीत."

"तू भिंत रंगवायला शीक. मग बघ कसे बोलावतात."

हसण्यावारी बोललेलं हे वाक्य काकांना पुढे चांगलंच झोंबणार होतं.

घोटाळा केला तो त्यांनी स्वतःच. बाजारात एक नवा रंग आला होता. कंपनीची सात वर्षांची हमी, वर धुता येणारा. शाई सांडो, तेल उडो, ओलं फडकं फिरवलं की भिंत पुन्हा कोरी. आपल्या माणसांना हलका रंग कसा द्यायचा? काकांनी तीन पावसाळ्यांत तिन्ही घरं, छतासकट, दारं-खिडक्यांसकट, त्या रंगानं मढवून टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला फडकं घेऊन प्रात्यक्षिकही दाखवलं. आपणच आपल्या पोटावर नव्हे, चक्क पावसाळ्यावर पाय देतोय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

यंदा पाऊस लागला आणि फोन मुका झाला.

आठवडाभर वाट पाहून काकांनीच भावाला फोन लावला. उचलला वहिनींनी.

"वहिनी, भिंती कशा आहेत?"

"अहो, काय सांगू! आरशासारख्या! परवा पाहुणे विचारत होते, नवीन घर घेतलंत का म्हणून."

"ओल वगैरे काही..."

"नाव नको. बोट लावायला जागा नाही. तुमच्याकडे खूप पाऊस ना? जपून राहा हो."

काका पुढच्या एका शब्दाची वाट पाहत थांबले. शब्द अगदी लहान होता, 'या' एवढाच. वहिनींनी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

मग ताई.

"ताई, छताला भेगा पडल्यात का गं?"

"अरे, तुझ्या हाताचा रंग तो! भेगा कशाला पडतील?"

"खिडक्या तरी फुगल्या असतील."

"एका बोटानं उघडतात. तू काळजी करू नकोस रे आमची."

तिकडे ताईनं फोन ठेवून शेजारणीला सांगितलं की भावाला माझ्या घराचा केवढा घोर! इकडे काका ओल धरलेल्या भिंतीला टेकून बसले. आपण दोन्हीकडे माणसांची नव्हे, भिंतींचीच खुशाली विचारली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लेकीला तर त्यांनी फोनच केला नाही. जावयाच्या घरी काम नसताना जाऊन काय बसायचं?

"अजून इथंच?" चहावाल्यानं विचारलं.

"आग्रह वाढलाय रे. निवडायचं अवघड झालंय."

"अहो, मग चिठ्ठ्या टाका!"

दोन-तीनदा असं झाल्यावर काका मागच्या गल्लीतून जायला लागले. तिकडे गुडघाभर पाणी असे. पण पाण्याला तोंड नसतं, ते काही विचारत नाही. दिवसभर ते पलंगावर पडून समोरच्या भिंतीवरची ओल पाहत. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवणाऱ्या या गृहस्थानं स्वतःच्या भिंतीला कधी ब्रश लावला नव्हता. ओल रोज थोडी पुढे सरके. एका कोपऱ्यात बायकोचा जुना आरसा टांगलेला होता. ओल त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा काकांनी उठून आरसा वीतभर बाजूला टांगला आणि पुन्हा पडून राहिले. संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलणं झालं नाही की घसा खाकरून, आवाज आहे ना जागेवर, एवढं पाहून घ्यायचे.

एका दुपारी लेकीचा फोन आला. आवाज चढलेला.

"बाबा, तुमच्या नातीनं भिंतीची वाट लावलीय! स्केचपेननं! हॉलच्या भिंतीची!"

"अगं, ओलं फडकं..."

"काही ओलं-बिलं सांगू नका मला. येऊन बघा आधी."

काकांच्या अंगात एकदम बळ आलं. फुगलेलं दार पहिल्याच धडकेत उघडलं. ब्रशांचं गाठोडं काखेत मारून ते मुद्दाम पुढच्या रस्त्यानं निघाले, आणि चहावाल्यासमोर अंमळ जास्तच वेळ छत्री झटकत उभे राहिले.

"ठरली वाटतं राजधानी?"

"काय करणार! लेकीनं फारच धरलंय."

डोंगर ओलांडल्यावर बसच्या काचा कोरड्या झाल्या. लेकीच्या घरी पोचल्या पोचल्या काका चप्पल काढून थेट भिंतीपुढे उभे राहिले. निळ्या रंगात एक टेबल काढलेलं होतं. टेबलाला शेपूट होती.

"मी नाही काढलं!" नात रडकुंडीला येऊन म्हणाली. "आजोबा, तुम्हीच बघा, माझा हात तरी पुरतो का तिथं?"

"गप बस गं," लेक म्हणाली. "नाही तिथं बोलायचं."

काकांनी शेपूट निरखून पाहिली. शाळेत असताना त्यांच्या लेकीला चित्रकलेत कधी धड मार्क मिळाले नव्हते. तिची गाय आणि तिचं टेबल यांतला फरक फक्त शेपटीवरून कळायचा.

एवढ्यात जावई आतून ओलं फडकं घेऊन आले. बिचारे भले गृहस्थ, त्यांना कोणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. "बाबा, मी हिला पहिल्या दिवसापासून सांगतोय, दोन मिनिटांचं काम आहे."

लेकीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांचा हात तिथंच थांबला. काकांनी फडकं त्यांच्याकडून घेतलं आणि गायीच्या शेपटीवर हलकेच टेकवलं. शेपूट निघाली. अलगद, मागमूसही न ठेवता. कंपनीची हमी खोटी नव्हती. काकांनी फडक्याची घडी घालून ते खिशात टाकलं.

"निघतंय?" लेकीनं विचारलं. विचारताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"हट्टी डाग आहे," काका म्हणाले. "वेळ लागेल."

"किती?"

"ते आता कसं सांगू? घाई केली तर भिंत बिघडते."

"मग करा सावकाश," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई कामावर गेले, नात शाळेत गेली. बाहेरून दार ओढून घेतल्याचा आवाज आला. घर इथंही रिकामंच होतं, फक्त कोरडं. काकांनी ब्रश सोडले, पुसले, पुन्हा बांधले. मग खुर्ची ओढून भिंतीसमोर बसले. शेपूट गेल्यापासून गाय नुसतं टेबल झाली होती. टेबलासाठी कोणी डोंगर ओलांडून येत नाही.

ते उठले, नातीच्या दप्तरातून पडून घरीच राहिलेलं निळं स्केचपेन शोधलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि गायीला शेपूट काढून दिली. पहिलीपेक्षा जरा लांब.