बीड-वडवणी गाडीतला मार

मी बीड-वडवणी गाडीवर कंडक्टर आहे. इतक्या वर्षांत माणसांचा कंटाळा आला असं म्हणवत नाही, पण त्यांच्याकडं बघून थकवा येतो, हे खरं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या फेरीला एक लेकुरवाळी बाई एकदम ओरडली, मोबाईल गेला म्हणून. तिच्या शेजारी मळकं धोतर नेसलेला एक म्हातारा उभा होता. गाडीला नवखा. तेवढं पुरलं. पहिली थप्पड मारली ती एका मास्तरांनी. रोज म्हाताऱ्या बायांना स्वतःची जागा देणारे मास्तर. मग बाकीचे तुटून पडले. मी "थांबा, थांबा" म्हणत राहिले, पण घंटी मारून गाडी काही उभी केली नाही.

मोबाईल सापडला लेकराच्या दुपट्यात.

मास्तरांनीच म्हाताऱ्याला बसवलं, रुमालानं भुवईवरचं रक्त पुसलं, पाणी पाजलं. मघाशी लाथ घालणारा एक जण बाकड्याखाली वाकून म्हाताऱ्याची चप्पल शोधत होता. त्या बाईनं त्याच मोबाईलवरून म्हाताऱ्याच्या लेकीला फोन लावून दिला.

वडवणीला मी, ड्रायव्हरभाऊंनी आणि मास्तरांनी त्याला दवाखान्यात नेलं. टाके घालेपर्यंत बाहेर थांबलो, तेव्हा ड्रायव्हरभाऊ म्हणाले, माणूस वाईट नसतो ताई, गर्दी वाईट असते. गर्दी म्हणजे कोण? त्यातल्या बहुतेकांचा थांबा मला तोंडपाठ होता.

आम्ही आत गेलो तर म्हाताऱ्यानं मला शांतपणे विचारलं, "बाई, तुमी गाडी कावून न्हाई थांबवली?"

"सुचलंच न्हाई, बाबा."

हे खोटं होतं. मलाही वाटलं होतं, त्यानंच घेतला असणार.

तेवढ्यात त्याची लेक धावत आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं. मास्तरांनी मान खाली घातली.

"गाडीत पडलो," म्हातारा म्हणाला. "ब्रेक लागला."

लेक ड्रायव्हरभाऊंना वाटेल ते बोलली. त्यांनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. मग ती बापाला धरून हळूहळू घेऊन गेली.

म्हातारा आमची दया येऊन खोटं बोलला, की आम्ही अजून समोर उभे होतो म्हणून भिऊन, हे मला आजही ठरवता येत नाही. आता तर ठरवायचंही जिवावर येतं.