चाळीत कोणी राहत नाही

इंटर झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याची. लालबागच्या काही चाळींमध्ये आरोग्याची पाहणी चालू होती. दर महिन्याला त्याच खोल्यांची दारं वाजवायची आणि विचारायचं: कोणी जन्मलं का, कोणी वारलं का, नवीन कोण आलं, गावाला कोण गेलं, ताप-जुलाब कोणाला झाले? गिरगावात शेजारणीला मी असलं काही विचारलं असतं तर आईने माझा कान उपटला असता. इथे त्याचा पगार मिळत होता.

आमच्या डॉक्टरांचा नियम सोपा होता. रात्री ज्या खोलीत जो झोपतो, तो त्या खोलीतला माणूस. हा नियम घेऊन मी तळमजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या मावशींकडे गेले. त्या मालवणकडच्या. सगळी चाळ त्यांना मावशीच म्हणायची.

"रात्री हयसर कोण झोपतां? मी आणि मांजर," त्या म्हणाल्या. "पोरगे सगळे रातपाळीक."

"आणि दिवसा?"

"दिवसा पाय ठेवूक जागा नाय गो!"

डॉक्टरांनी नियम बदलला. ज्याची ट्रंक खोलीत, तो तिथला. मावशींनी हात पुसत जरा विचार केला. "ट्रंक एक आणि सख्खे भाव तीन असले, तर?"

शेवटी मी नियम गुंडाळून ठेवला आणि जेवायला कोण कोण असतं एवढंच विचारू लागले. गाडी बरी चालली होती. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. एका मोर्चानंतर पोलीस चाळीत शिरले आणि काही पोरांना उचलून घेऊन गेले. आणि पुढच्याच आठवड्यात मी खांद्याला पिशवी अडकवून, घरात पुरुष किती, असं विचारत उगवले.

"पुरुष? खयचे पुरुष?" मावशी म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागे अख्खी पंगत मान खाली घालून भात कालवत बसली होती.

"मग हे?"

"ते जेवूक इलेत. तू शिआयडीवाली काय गो?"

वरही तेच. एकीचा नवरा गावाला, दुसरीचा कुठे असतो ते तिला ठाऊक नाही. गॅलरीत लेंगे आणि सदरे मात्र ओळीने वाळत होते. एका आजीने तर आपणही इथे राहत नाही म्हणून सांगितलं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. इतके महिने याच बायकांनी मला चहा पाजला होता.

शेवटच्या मजल्यावर एक गरोदर बाई होती. बाळंतपणाला कोकणात माहेरी जायचं तिचं ठरलं होतं. मी पोचले तेव्हा ती दाराची चौकट धरून कण्हत उभी होती. मी जिन्यातून हाका मारल्या. मावशी धावत वर आल्या, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्यावर ओरडल्या, "बघतंस काय? पलीकडच्या चाळीतली सुईण आण!"

खाली आले तर रस्ता बदललेला. कुठेतरी गोळीबार झाल्याची बातमी आली होती, दुकानांच्या फळ्या धडाधड लागत होत्या. कोपऱ्यावर झेंडा घेतलेल्या पोरांनी मला अडवलं.

"ताई, कुठे निघालात? आज सगळं बंद आहे."

"बाळंतपण बंद नाही," मी म्हणाले. "सुईण आणायची आहे."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती माझ्याबरोबर चालू लागली. सुईण चांगली थोराड बाई. तिला मध्ये घेऊन, पुढे झेंडा धरून आम्ही परत निघालो. गप्प चालणं त्या पोरांना जमेना. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." एकाने आरोळी दिली, आणि "झालाच पाहिजे!" म्हणत सुईणीनेही मूठ वर केली. गिरणीतून सुटलेले कामगार मागे जोडले जाऊ लागले. चाळीच्या दाराशी पोचेपर्यंत आमचा मोर्चा झाला होता.

सर्वांत मोठा आवाज शेवटच्या रांगेतल्या एका माणसाचा होता. जिन्याशी मावशींनी त्याला पाहिलं.

"मेल्या, ओरडतंस काय? तुझीच बायको अडली हा!"

त्याची मूठ तशीच वर राहिली. मग तो सुईणीलाही मागे टाकून जिना चढला.

मुलगी झाली. बारीकशी, पण रडणं असं की खाली पोरांना काही सांगावंच लागलं नाही. बाप बाहेर गॅलरीत बसून सदऱ्याने डोळे पुसत होता. त्याच्या शेजारी आजी. मघाशी इथे राहत नसलेली, तीच.

डॉक्टरांनी माझा महिन्याचा अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "या चाळीत एकही पुरुष राहत नाही?"

"नाही."

"आणि जन्म एक?"

"हो. धडधाकट आहे."

ते इतके हसले की बाहेरून शिपाई आत डोकावून गेला. तो अहवाल त्यांनी पाठवला नाही. पुन्हा जाऊन ये, म्हणाले.

पुन्हा गेले तेव्हा मावशी स्वतः माझ्याबरोबर निघाल्या. प्रत्येक दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "खरा सांगा रे हिका. आपलाच चेडू आसा." शिआयडीवालीची मी आता त्यांची पोर झाले होते. दारं उघडली. पुरुष निघाले, त्यांचे भाऊ निघाले, कोणाचा तरी मामा माळ्यावरून खाली उतरला. आजीने स्वतःला नोंदवून घेतलं, आणि वर आपल्या गुडघेदुखीची हकीकत इतकी लांबवली, की त्या दिवशी दुसरा मजला राहूनच गेला.