मेश्रामांचा पॅच

दादाराव मेश्राम पॅचवर बोलायला लागले की त्यांना आवरणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या मंडळात ती गोष्ट पोराटोरांनाही पाठ होती. इन्शुलिनचा कण मोठा आणि माणसाची कातडी खट, ती त्याला आत घेत नाही. म्हणून त्यांची कंपनी केसाहून बारीक सुयांचा पॅच बनवत होती. पोटावर चिकटवायचा, टोचल्याचं कळणारही नाही. उंदराच्या कातडीतून इन्शुलिन झरझर आत गेलं होतं. माणसाच्या कातडीतून पुरेसं जात नव्हतं, पण हे दादाराव जरा हळू आवाजात सांगायचे.

बढाईखोर खरे, तरी त्यांचा राग येत नसे. रोजच्या इंजेक्शनांनी आईचं पोट निबर झालेलं त्यांनी नागपुरात पाहिलं होतं. तेव्हापासून माणूस या एकाच कामाने झपाटला होता.

२००५च्या भीमजयंतीला आम्ही शाळेचा हॉल घेतला. वंदना झाली आणि दादाराव उभे राहिले. "आपल्या वस्तीतल्या पोराच्या हातून हे होतंय! सुया जाणार म्हणजे जाणारच!" टाळ्या थांबेनात. मग इथे वाढलेल्या मुलांसाठी त्यांनी इंग्रजी सुरू केलं आणि डबाभर पॅच बघायला फिरवले. ते कोरे होते, कातडीला किती चिकटतात एवढंच तपासण्यासाठी बनवलेले. त्यात औषध नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेही इंग्रजीतच.

संघमित्राचे वडील एकनाथकाका तेव्हा नागपूरहून लेकीकडे आले होते आणि त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्या रांगेत होते. संघमित्रा माझी शेजारीण. कामावर जायच्या आधी ती त्यांना इन्शुलिन टोचायची आणि काका दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. जयंतीनंतर दोन दिवसांनी ते म्हणाले, "तुझी धावपळ होते, आता माझं मीच घेत जाईन." तिला बरंच वाटलं. मलाही वाटलं, म्हातारा शिकला एकदाचा.

पुढच्या आठवड्यात काका सारखे पाणी पिऊ लागले. मग बरळू लागले. संघमित्रा कामावरून आली तेव्हा ते बेशुद्ध होते. इमर्जन्सीत नर्सने सदरा कापला, तर बेंबीशेजारी दादारावांच्या डब्यातला पॅच. घरी फ्रिजमधल्या इन्शुलिनला त्यांनी हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी काका गेले.

दादाराव हॉस्पिटलात धावत आले. संघमित्राने मूठ उघडून पॅच दाखवला.

"सर, यात किती इन्शुलिन होतं?"

"काहीच नव्हतं गं. डमी होते ते. मी अनाउन्स केलं होतं ना!"

"केव्हा?"

"तेव्हाच, स्टेजवरून." त्यांनी पॅचकडे पाहिलं. "मुलांना सांगितलं. इंग्लिशमध्ये."

मला त्या माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. त्यांचा चेहरा बघवेना, तरीही वाटल्या.

संघमित्रा ओरडली नाही. "जयंतीहून येताना बाबा मला म्हणाले होते," ती म्हणाली, "डॉक्टर काय, कुणीही परका असतो. हा आपला माणूस आहे, हा फसवायचा नाही."

दादाराव तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना उठवायला आमच्यापैकी कुणीही पुढे झालं नाही.