नळाची चावी आणि मामांचा राग

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुणाला विचारून?" पलीकडे त्यांची मुलगी शोभा रडता रडता हसली. "या खेपेला कुणालाच विचारलं नाही रे..." महिना होत आला, ते हसणं कानातून जात नाही. कारण आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत मामांनी जन्मभर एकच वेड जपलं. कुणी काही करायला उठला, की त्याला अडवू शकणारा दुसरा कुणीतरी हवाच. मग तो उठलेला खुद्द मामा का असेना!

मामा कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आवाज असा, की गॅलरीतून मामींना हाक मारली तर शिवडीच्या बंदरातली बोट मागे वळावी. चाळीला नळ एक, पाणी सकाळी तासभर आणि भांडणं चोवीस तास. तोडगा मामांनीच काढला. पाळ्या ठरवायच्या सभेने, नळाची चावी मामांकडे आणि तक्रार आली तर निवाडा सगुणाकाकीचा. काकी शिवडीची कोळीण, मासळी विकायची. तिची निवड एकमताने झाली, कारण चाळीतल्या प्रत्येकाशी तिचं सारखंच वाकडं होतं. शिवाय दोन गोष्टी आधीच पक्क्या झाल्या: पाणी कुणाचंही तोडायचं नाही आणि काकीला वर्षाच्या आत काढायचं नाही. तेव्हा मामांचा हात इतका वर गेला, की वरच्या खोलीतल्यांची फरशी उचकटली!

मग गिरण्यांचा संप आला... आणि लांबतच गेला. डबे रिकामे झाले, माणसं चिडकी झाली. अशात कळलं, कोपऱ्यातल्या खोलीतला वसंता गुपचूप कामावर जातोय. चाळ पेटली. सर्वांत जास्त पेटले मामा. सभेत एका सुरात ठरलं, वसंताचं पाणी बंद. त्याची बायको तान्हं पोर घेऊन काकीच्या दारात उभी राहिली. काकीने मासळीची पाटी खाली ठेवली आणि निकाल दिला, "पानी तोडाचं नाय."

मामा दोन्ही हात कमरेवर ठेवून गरजले, "गे सगुणा, माझोच नियम माका शिकवतंस?"

"तूच केलास ना? मंग पयला तुलाच लागू!"

"काढा रे हिका!"

"वरीसभर काढता येत नाय. त्यो नियम पन तुजाच."

दुसऱ्या सकाळी अख्खी चाळ नळापाशी. "नको, मामा, देऊ नका पाणी!" असा गलका. मामांनी चावी फिरवली. पाळी आली तशी वसंताच्या बायकोची कळशी भरली. मामांचा चेहरा असा, की कळशीतलं पाणी उकळावं. मी हळूच म्हटलं, "मामा, एवढा राग आहे, तरी?"

"राग आसा म्हणानच रे! माझ्या रागान नळ बंद होवक लागलो, तर उद्या तुझी कळशी कोण भरतलो?"

वसंताला पाणी मिळत राहिलं. मामा मात्र त्याच्याशी पुन्हा कधीच बोलले नाहीत.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे, सोसायटी आहे. परवाच्या सभेत सेक्रेटरींनी सांगून टाकलं, सातव्या मजल्यावरचा भाडेकरू उलट बोलतो, त्याचं पाणी आजपासून बंद. सगळे माना खाली घालून मोबाईल चाळू लागले. आणि मागच्या खुर्चीतून म्हातारा वसंता उठला. मामांसारखेच दोन्ही हात कमरेवर.

"ठरवणार तुम्ही, तोडणारही तुम्हीच. मग त्याने दाद मागायची कुणाकडे?"

दोघं-तिघं आणखी उठले. सेक्रेटरी घसा खाकरत म्हणाले, "ठीक आहे, राहू दे चालू."

वसंता खाली बसला. शेजारी सगुणाकाकी होती. तिने त्याच्या पाठीवर जोराची थाप दिली.

"आज मामा असता ना, तर बोलला असता तुज्याशी."